चढावरचा हप्ता

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली अकरा सायकली आहेत. 'बेवारस सायकली महिनाअखेर हलवाव्यात' अशी नोटीस सेक्रेटरींनी लावली, तेव्हा मी त्या मोजल्या. अकरापैकी आठ गिअरच्या. कुणाच्या दांडीवर '२१ स्पीड' अशी तिरपी चकचकीत अक्षरे, कुणाच्या हँडलवर दोन्ही बाजूंना आकडे दाखवणाऱ्या खिडक्या. आठही सायकलींच्या चेनी गंजून ताठ झालेल्या, टायर बसलेले. उरलेल्या तीन काळ्या आणि जाडजूड. एक वॉचमनची, एक इस्त्रीवाल्याची आणि एक तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमनची. या तिन्ही रोज बाहेर पडतात. त्यांना गिअर नाही. सकाळी सहा वाजता कॅरिअरवर पावाची भलीमोठी टोपली बांधून जो पाववाला येतो, त्याच्याही सायकलला गिअर नाही.

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कोणत्याही इमारतीत डोकावून पाहावे, हिशेब थोड्याफार फरकाने असाच निघेल. ज्याला गिअरची गरज आहे त्याच्याकडे तो नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याला त्याचे काय करायचे हे कुणी सांगितलेले नाही. एका चांगल्या, सव्वाशे वर्षे जुन्या शोधाची आपण ही जी वाटणी करून ठेवली आहे, ती मला मुळातच चुकीची वाटते.

गिअर म्हणजे वेग, अशी आपली समजूत आहे. ती मोटारींच्या जाहिरातींनी करून दिली आणि सायकलवाल्यांनी तिच्यावर '२१ स्पीड'चे शिक्कामोर्तब केले. वास्तविक सायकलचा गिअर जास्त करून हळू जाण्यासाठी आहे. त्यामागचे गणित चौथीच्या मुलाला समजेल इतके सोपे आहे. पायडलच्या मोठ्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असतील, तर पायडलचा एक फेरा होईपर्यंत मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. २८ इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे छान चालते. एस. व्ही. रोडवर गर्दी नसेल (अशी वेळ पहाटे चार ते पाच एवढीच असते), तर मोकळा माणूस या प्रमाणावर खुशाल जाईल.

आता हाच सौदा चढावर काय होतो ते पाहा. आपली उपनगरे सपाट आहेत असे लोकलच्या खिडकीतून वाटते. घाटकोपर पश्चिमेचा असल्फा आणि भटवाडी, मालाड पूर्वेचा कुरार आणि आप्पा पाडा, भांडुप पश्चिमेचा डोंगराकडचा भाग, मुलुंड पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराला टेकलेल्या वस्त्या, या सगळ्यांना सकाळी पाव लागतो, दूध लागते, आणि ते बहुधा सायकलवरूनच येते. समजा, पंधरा मीटरला एक मीटर असा चढ आहे. माणूस ६० किलोचा, सायकल २० किलोची, माल ४० किलोचा. एकूण १२० किलो. एवढे ओझे त्या चढावर पुढे ढकलायला घर्षणासकट साधारण ९ किलोचा जोर सतत लागतो. पण सायकलवाल्याचे पाऊल पायडलच्या एका फेऱ्यात जेमतेम एक मीटरचे वर्तुळ काढते आणि तेवढ्यात सायकलला साडेपाच मीटर न्यायचे असते. म्हणजे पायडलवर सरासरी ४७ किलोचा जोर हवा. पायडल सगळीकडे सारखे दाबता येत नाही. वर आणि खाली असताना पाऊल नुसतेच असते, म्हणून मधल्या टप्प्यात सरासरीच्या दीडपट दाबावे लागते. ते झाले सत्तर किलोंच्या वर. माणूस आहे ६० किलोचा. पायडलवर उभा राहिला, सगळे वजन एका पायावर टाकले, तरी दहा किलो कमी पडतात.

म्हणून तो उतरतो आणि सायकल ढकलत नेतो. त्याला दम लागला, वय झाले, असे आपल्याला वाटते. खरे तर बेरीज जुळत नाही, एवढेच.

गिअर इथे काय करतो, हे सांगताना माझ्यातला बँकेतला माणूस जागा होतो. गिअर कर्ज माफ करत नाही. १२० किलो दहा मीटर उंच चढवायचे, तर जेवढे काम तेवढे काम. त्यातला एक पैसाही कुठला दाता सोडत नाही. गिअर फक्त हप्ता लहान करतो. मुद्दल तेच, हप्ते जास्त, प्रत्येक हप्ता झेपेल एवढा. पायडलचे फेरे वाढतात, प्रत्येक फेऱ्यातला दाब कमी होतो, वेळ थोडा अधिक लागतो. आणि इथे कर्जदार म्हणजे माणसाचे गुडघे आहेत, ज्यांच्यावर जप्ती आली की ती कुठल्याच कोर्टात उठवता येत नाही. आपले शरीर मिनिटाला साठ-सत्तर हलके फेरे बराच वेळ मारू शकते. पंचवीस-तीस जड फेऱ्यांत मात्र मोडून येते. वरच्याच उदाहरणात प्रमाण तीनचतुर्थांशावर आणले, तर सरासरी जोर ४७ वरून ३५ वर उतरतो आणि कमाल जोर ५५ च्या आसपास येतो. माणसाच्या वजनाच्या आत. तो सायकलवरून न उतरता वर जाऊ शकतो.

जिन्याखालच्या आठ सायकलींमध्ये जी यंत्रणा आहे तिला डिरेलर म्हणतात. गाडी रुळावरून उतरवणे, या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून हे नाव आले. उपनगरातल्या माणसाला गाडी रुळावरून घसरली म्हणजे काय होते ते सांगायला नको; इथे ती मुद्दाम घसरवायची असते. मागच्या चाकाला लहानमोठी सात चक्रे एकाशेजारी एक बसवलेली. त्यांच्याखाली लोंबकळणाऱ्या एका बाहूत दोन छोट्या पुल्या. वरची पुली चेनला डावी-उजवीकडे ढकलते. खालची पुली स्प्रिंगच्या जोरावर चेनचा सैलपणा ओढून धरते. मोठ्या चक्रावर चेन जास्त लागते, लहानावर कमी, ती शिल्लक सांभाळायचे काम तिचे. हँडलवरची कळ फिरवली की तार ओढली जाते आणि बाहू सरकतो. तार सैल सोडली की स्प्रिंग त्याला परत आणते. ढकलले जाते ते चेनचे खालचे, सैल अंग. वरच्या ताणलेल्या अंगाला हात लागत नाही, म्हणूनच एवढीशी पुली एवढे काम करू शकते. पूर्वी किती ओढायचे ते अंदाजाने ठरवावे लागे. जपानच्या शिमानो कंपनीने १९८४ साली 'टक्' आवाजासरशी नेमकी एक पायरी बदलणारी कळ आणली आणि ती पद्धत जगभर रूढ झाली.

हे समजले की वापराचे नियम पाठ करावे लागत नाहीत. चेन फिरत असेल तरच ती दुसऱ्या चक्रावर चढेल, म्हणून उभ्या सायकलवर कळ फिरवत बसू नये. ताणलेली चेन बाजूला जाणार नाही, म्हणून गिअर चढ सुरू होण्याआधी बदलावा, आणि बदलताना पाय क्षणभर हलका करावा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मुले सायकली भाड्याने घेऊन कान्हेरीच्या रस्त्याला लागतात. ती चढाच्या मध्यावर, सारा जोर पायडलवर असताना कळ करकर फिरवतात आणि चेन पडली की सायकलीला शिव्या देतात. दोष सायकलीचा नसतो. दुकानदार विकताना रंग दाखवतो, डिस्क ब्रेक दाखवतो. हे दोन मिनिटांचे सांगणे मात्र कुणाच्या वाट्याला येत नाही. महिनाभरात मूल ठरवते की गिअर कटकटीचे आहेत, वर्षभरात सायकल जिन्याखाली येते.

त्या २१ आकड्याचेही जरा ऑडिट करू या. पुढे ४२, ३४ आणि २४ दात्यांची तीन चक्रे आणि मागे १४ पासून २८ दात्यांपर्यंत सात, असा एक नेहमीचा संच असतो. तीन गुणिले सात, एकवीस. पण पुढे ४२ आणि मागे २८ घेतले तर प्रमाण दीड. पुढे २४ आणि मागे १६ घेतले तरीही दीडच. एकच रक्कम दोन खात्यांत दाखवली आहे. सगळी प्रमाणे कागदावर मांडली, तर पायाला वेगळी जाणवतील अशी चौदाच्या आसपास निघतात. त्यातही चेन फार तिरकी धावेल अशा जोड्या वापरायच्या नसतात. एखाद्या बँकेने असा ताळेबंद मांडला असता तर तिला खुलासा द्यावा लागला असता.

पण माझी तक्रार आकड्यांबद्दल नाही. गिअर हे दणकट तरुणांचे खेळणे आहे, असे जे ठसले आहे, त्याबद्दल आहे. या शोधाचा इतिहास नेमका उलटा आहे. १९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबाने डोंगराळ रस्त्यावर एक चाचणी घेतली. एका बाजूला एदुआर फिशर हा नावाजलेला सायकलपटू, बिनगिअरच्या सायकलवर. दुसऱ्या बाजूला मार्त एस नावाची स्त्री, तीन गिअरच्या सायकलवर. मार्तबाईंनी त्याला सहज मागे टाकले. यावर, पुढच्याच वर्षी 'टूर द फ्रान्स' सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज यांनी काय लिहावे? तर गिअर हे पंचेचाळीशी उलटलेल्यांसाठी ठीक आहेत, मर्दाने स्नायूंच्या बळावर जिंकावे. आपल्या शर्यतीत त्यांनी डिरेलर येऊ दिला नाही. तो आला १९३७ साली. तोवर डोंगर चढणारे ते वीर घाटाच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढत, उलटे फिरवत आणि दुसऱ्या बाजूचे मोठे चक्र चेनीत घालून पुन्हा चाक बसवत. देग्रांजसाहेबांना अपमान करायचा होता, पण त्यांनी अगदी खरे सांगितले. गिअर पंचेचाळिशीनंतरच्यांसाठी आहे, स्त्रियांसाठी आहे, ओझे वाहणाऱ्यासाठी आहे. वयाची साठी ओलांडलेला मी हे मान खाली न घालता मान्य करतो.

पाववाल्याला मी एकदा विचारले की तू गिअरची सायकल का घेत नाहीस? त्याचे उत्तर असे होते, की ती टोपलीचे वजन पेलत नाही, पावसात गिअर अडकतो, आणि सायकल एक दिवस बंद राहिली तर त्या दिवसाचे पाव कुणी घेत नाही. या उत्तराला माझ्याकडे प्रत्युत्तर नाही, कारण ते बरोबर आहे. डिरेलर चाकाबाहेर उघड्यावर लोंबकळतो. सायकल एकदा उजव्या अंगावर पडली की त्याचा कान वाकतो. जून ते सप्टेंबर चिखल, खड्ड्यांतले पाणी आणि वाळू त्याच्या सांध्यांत जाते. त्याला चेनकव्हर घालता येत नाही, म्हणजे साडी, सलवार, लेंगा, सगळे धोक्यात. अंधेरीच्या सबवेतून चाळीस किलो घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसासाठी ही वस्तू बनलेलीच नाही.

त्याच्यासाठी बनलेली वस्तू वेगळी आहे आणि तीही जुनीच आहे. मुलुंडला आमच्या लहानपणी गल्लीत एक डॉक्टर होते. त्यांच्या काळ्या इंग्लिश राले सायकलीच्या हँडलला उजव्या बाजूला एक छोटा खटका होता. आपल्या सायकली पायडल थांबवल्यावर टिकटिकतात. त्यांची पायडल मारतानाच टिकटिकायची. आत घड्याळ आहे असे आम्हा मुलांना वाटे. आत होती स्टर्मी-आर्चरची तीन गिअरची यंत्रणा. नॉटिंगहॅमच्या राले कंपनीच्या आश्रयाने ती विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बाजारात आली, आणि तिचा सर्वांत गाजलेला नमुना १९३६ सालचा. या पद्धतीत सगळे गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे स्पोक जिथे मिळतात त्या मधल्या नळकांड्यात, बंद असतात. बाहेर एकच चेन, पुढे एकच चक्र, मागे एकच चक्र.

आतली मांडणी सूर्यमालेसारखी आहे आणि दात्यांना नावेही तशीच आहेत. मध्ये आसाला पक्का बसवलेला, न फिरणारा २० दात्यांचा सूर्य. त्याच्याभोवती फिरणारे छोटे ग्रह, एका पिंजऱ्यात बसवलेले. त्या सगळ्यांना वेढणारे, आतून दाते असलेले ६० दात्यांचे कडे. चेनने कड्याला फिरवले आणि चाकाने ग्रहांच्या पिंजऱ्याकडून गती घेतली, तर कड्याच्या चार फेऱ्यांत चाकाचे तीन होतात. हा चढाचा गिअर. उलट पिंजऱ्याला फिरवले आणि कड्याकडून गती घेतली, तर तीनाचे चार. हा उताराचा आणि सपाट रस्त्याचा. मधल्या गिअरमध्ये चेन आणि चाक सरळ एकमेकांना जोडलेली. खटका ओढला की आसातून जाणारी एक बारीक साखळी आतला क्लच सरकवते, बाकी काही नाही. तीनचतुर्थांश हे तेच प्रमाण, ज्याने वरच्या हिशेबात आपला ६० किलोचा माणूस सायकलवरून उतरला नव्हता. मागचे चक्र १८ ऐवजी २२ दात्यांचे लावले तर चढ आणखी सुसह्य होतो, आणि वरचा गिअर सपाटीवरचा वेग परत देतो.

याचा सर्वांत मोठा गुण आपल्या रस्त्यांसाठीच केल्यासारखा आहे. उभ्या सायकलवर गिअर बदलता येतो. सकाळी तीस-चाळीस डबे लावून स्टेशन गाठणारा डबेवाला सपाट रस्त्यावर असला, तरी त्याला शंभर पावलांवर थांबावे लागते: सिग्नल, रिक्षा, बेस्टची बस, फेरीवाला. दर वेळी तेवढे ओझे शून्यापासून हलवायचे. थांबल्या थांबल्या खटका दाबून हलका गिअर घेता आला, तर दिवसभरात किती झटके वाचतील ते ज्याने डबल सीट घेऊन सायकल चालवली आहे त्याने आठवून पाहावे. शिवाय पूर्ण चेनकव्हर बसते, पाऊस आत जात नाही, अधूनमधून तेलाचे दोन थेंब पुरतात.

मग ही वस्तू आपल्याकडे का रुजली नाही? सायकल गरिबाची, आणि गरिबाला एकच गिअर पुरतो, असे आपण गृहीत धरले. सायकली बनवण्याची अक्कल इथे नव्हती असे नाही. वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. १९८० साली सरकारने तो आणि बंगालमधला सेन-राले असे दोन्ही एका कायद्याने ताब्यात घेतले. कारखाने मागे पडले; गिअर आले ते थेट डोंगरी सायकलीच्या रूपात, मध्यमवर्गाच्या मुलांसाठी.

आता विजेवरच्या सायकली आल्या, गिअरचे काय घेऊन बसलात, असे कुणी म्हणेल. त्या जरूर याव्यात. पण बॅटरीची किंमत आणि चार्जिंगची जागा यांचा विचार असल्फ्याच्या टेकडीवर दहा बाय दहात राहणाऱ्याने कसा करायचा? आणि बॅटरी संपल्यावर ती जड सायकल ढकलायची पुन्हा त्यानेच.

सायकलींविषयी आपले सार्वजनिक भांडण होते ते ट्रॅकवरून. पवई तलावाच्या काठी महापालिका सायकल आणि जॉगिंगचा ट्रॅक बांधत होती. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. योग्यच झाले, तलावाला त्याचा काठ हवा. पण त्या सगळ्या वादात सायकल म्हणजे रविवारची हवा खाणे, असेच दोन्ही बाजूंनी धरले होते. सोमवारी सकाळी गांधीनगरहून पवईकडे माल घेऊन सायकल चढवणाऱ्याचा उल्लेख मला तरी कुठे आढळला नाही.

त्याच्यासाठी करायचे ते फार महाग नाही. १९७२ साली चार टक्के व्याजाची डी.आर.आय. कर्जे आली. मी बँकेत लागलो तेव्हा त्या फॉर्मांवर 'सायकल, एक' असे लिहिलेले असे. कसली सायकल, हे कुणी विचारत नसे. आज मुद्रा योजनेत 'शिशु' गटाचे कर्ज ५० हजारांपर्यंत मिळते. हबगिअरची, मजबूत कॅरिअरची, चेनकव्हरची सायकल त्यात बसायला हरकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ती सवलतही आहे. राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली देते. एवढी मोठी खरेदी करणाऱ्याने, निदान डोंगराळ तालुक्यांपुरती, तीन गिअरची अट घातली तर कारखानदार ती बनवतील. मोठे गिऱ्हाईक मागेल ते बाजार करतो, हे मी टेबलाच्या या बाजूने पुष्कळ वेळा पाहिले आहे.

राहिला दुरुस्तीचा प्रश्न. हबमध्ये बिघाड झाला तर फुटपाथवरचा मेकॅनिक काय करणार, ही शंका मलाही होती. माझ्या एका मित्राने भंगारातून घेतलेली जुनी विलायती सायकल घेऊन आम्ही भांडुपला स्टेशनजवळच्या एका मेकॅनिककडे गेलो. विशीतला मुलगा, असा हब त्याने जन्मात पाहिला नव्हता. त्याने वर्तमानपत्र पसरले, चाक आडवे धरले आणि निघेल तो भाग निघेल त्या क्रमाने कागदावर डावीकडून उजवीकडे मांडत गेला. ग्रह निघाले, ते त्याने बोटावर फिरवून पाहिले. आतले तेल गोठून चिकट झाले होते, एक बारीक स्प्रिंग तुटली होती. बाकी दाते नव्यासारखे. रॉकेलने धुऊन, तेल देऊन, स्प्रिंग दुसऱ्या कशाची तरी कापून बसवून त्याने उजवीकडून डावीकडे सगळे परत जोडले. पाऊण तास लागला. मग चाक हाताने गरगर फिरवून, खटका खालीवर करून तो तिन्ही गिअर बघत राहिला.

"काका, हा नवीन कुठे मिळतो?" त्याने विचारले. "आमच्या गॅसवाल्याला बसवून देतो. त्याचा गुडघा गेलाय."

घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत ज्या सात दुकानांत मी विचारले होते, त्यांची नावे त्याला सांगितली. एकाकडेही नव्हता, हेही सांगितले.